अर्ध्या सुताचा मिस्त्री

फाउंड्रीत त्यांना सगळे अर्धसूत मिस्त्री म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण हे त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणाच्या कामात त्याच्याही निम्म्यानं फरक पडला, तर हे गृहस्थ ते काम हातात घेऊन उजेडाकडे धरायचे आणि एक शब्द न बोलता परत करायचे. त्यांनी चार शिव्या दिल्या तर परवडेल, पण ते गप्प बसणं नको, असं म्हणणारी माणसं अजूनही बाजारात भेटतात.

सूनबाईनं हे सगळं लग्नानंतर सासूबाईंच्या तोंडून ऐकलं, आणि तिला हे सासरे तिथेच आवडून गेले. ती स्वतः शिवणकाम करणारी. घराच्या खालच्याच मजल्यावर रस्त्याला लागून तिचं दुकान होतं, आणि 'थोडं इकडं तिकडं चालतं हो' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा तिला मनस्वी राग होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं बाबांना एक सदरा शिवून दिला. त्यांनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात वर करून खाली घेतले आणि म्हणाले, "बरोबर."

"अगं, जपून ठेव तो शब्द," सासूबाई म्हणाल्या. "मला लग्न झाल्यापासून चारदा मिळालाय."

बाबांचं काम तसं बाहेरच्या माणसाला चटकन कळणारं नव्हतं. यंत्राचा एखादा भाग लोखंडात ओतायचा, तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद वर काढायचा, आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. बाबा हे लाकडी नमुने करायचे. चाळीस वर्षं केले. दोन वर्षांपूर्वी फाउंड्री बंद पडली, तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी चार माणसांनी उचलून घरी आणून टाकली. ती मागच्या खोलीत पलंगाखाली गेली आणि बाबा पलंगावर बसले.

गोष्ट खरी इथून बिघडली. रिकाम्या माणसाला स्वतःकडे बघत बसायला वेळ फार. एकदा त्यांनी पाणी तापत ठेवलं आणि विसरले, भांडं करपलं. एकदा सूनबाईला त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. असं कुणाचंही होतं. सासूबाई तर रोज चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतात आणि शोधता शोधता सगळ्यांना बोलतात. पण बाबांचे थोरले भाऊ याच कामात होते, आणि सत्तरीत त्यांची आठवण धुऊन निघाली होती. शेवटी शेवटी हातात पटाशी दिली तर ती ते चमचा म्हणून तोंडाकडे न्यायचे. बाबांनी ते जवळून पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या पोटात एक भीती होती आणि ती ते कुणाजवळ बोलत नव्हते.

नवऱ्याला, म्हणजे बाबांच्या मुलाला, यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. पण तो सरळ मनाचा आणि घाईचा माणूस. एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढायचं त्याचं काम होतं. ओळखीतून त्याला कळलं की सुतारकाम शिकवणाऱ्या एका संस्थेला जुनी चांगली हत्यारं हवी आहेत. तो म्हणाला, "बाबा, पेटी धूळ खात पडलीय. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. देऊन टाकू या का?"

बाबांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. मग म्हणाले, "एक काम करतो. ते नीट झालं, तर पेटी राहील. नाही झालं, तर घेऊन जाऊ देत. मला परत विचारू नकोस."

ते काम कोणतं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात सूनबाईचा चाळिसावा वाढदिवस होता.

आता सूनबाईची एक गोष्ट सांगायला हवी, ती तिनं स्वतः कधी फारशी मिरवली नाही. लहानपणी ती मामाच्या शिंपीकामाच्या दुकानात बटणं लावायला बसायची. शेजारी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मामाचा डोळा लागला की ही बाई तिकडे पसार. तिथल्या अंतराळयानाच्या गेममध्ये पहिल्या दहांच्या यादीत सर्वांत वर तिच्या नावाची तीन अक्षरं होती, आणि ती सहा वर्षं, म्हणजे पार्लरला कुलूप लागेपर्यंत, कुणाला हलवता आली नाहीत. मोठमोठे मिशाळ पुरुष हात चोळत परत जायचे. हे नवऱ्यानं कधीतरी जेवताना सांगितलं होतं. बाबांनी तेव्हा मान वर केली नव्हती, पण ऐकलं होतं.

"तसलं मशीन लाकडाचंच असतं ना?" एवढंच त्यांनी आता मुलाला विचारलं.

नवरा एकदम खूश. त्यानं कार्यालयातून निघालेली एक जुनी चौकोनी स्क्रीन मिळवली. गेमची सर्किटं विकणाऱ्या दुकानातून सर्किट, यान फिरवायची दांडी, लाल-पिवळी बटणं आणि बटणांसाठी आधीच भोकं पाडलेला पत्रा आणला. मशीनच्या लाकडी कपाटाचा नकाशा स्वतः काढला: समोरून, बाजूनं, वरून, प्रत्येक रेघेवर मिलिमीटरमध्ये आकडा. उंची सतराशे. रुंदी सहाशे चाळीस. स्क्रीनची चौकट चारशे ऐंशी. बाबांनी नकाशा भिंतीला लावला, पलंगाखालून पेटी ओढली आणि झाकण उघडलं. मागच्या खोलीत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास पसरला.

पुढचे वीस दिवस सूनबाई खालच्या दुकानातून सारखी काही ना काही कारण काढून वर यायची. दोरा वर राहिला, कात्री वर राहिली, चहा हवाय का. खरं कारण एकच, तिला बघायचं होतं. बाबांनी प्लायवुडच्या फळीवर बाजूचा आकार आखला. वर कपाळासारखा पुढे आलेला भाग, मग स्क्रीनसाठी मागे झुकणारी तिरकी रेघ, मग हात टेकायचा कठडा. ती वळणं त्यांनी हातकरवतीनं कापली. नवऱ्यानं मशीन आणून देतो म्हटलं तर म्हणाले, "आण. तू वाजवत बस." करवत रेघेच्या बाहेरच्या अंगानं अशी जायची, की आखलेली पेन्सिलची रेघ अख्खीच्या अख्खी फळीवर शिल्लक राहायची. मग रंधा. रंध्यातून निघणारी साल इतकी पातळ, की सूनबाईनं एक उचलून खिडकीपाशी धरली तर पलीकडचा रस्ता दिसला. इतकं तलम कापड तिनंही फार थोड्या वेळा हाताळलं होतं.

आणि हे कपाट बाहेरून जेवढं गुळगुळीत, तेवढंच आतून. जिथे वायरी लोंबणार, जिथे आयुष्यात कुणाचा हात जाणार नाही, तिथेही प्रत्येक कोपऱ्यात लाकडाची बारीक गोलाई बसवलेली, वरून पॉलिशपेपर, वरून तीन हात वॉर्निश.

"आतून कोण बघणार आहे?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"वाळू बघते," बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. खरखरीत नमुना वाळूतून बाहेर येताना साचा मोडतो. चाळीस वर्षांची सवय हाताला होती, आणि इथे वाळू नाही हे हाताला कोण सांगणार? सूनबाईला त्या वीस दिवसांत आपल्या सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला, की खालच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ती कापड दाखवायचं सोडून प्लायवुडच्या गोष्टी सांगत बसली.

"घरात साधी फळी ठोकायची तर हे बाहेरचा सुतार बोलवायचे," सासूबाईंची तक्रार चालूच होती. "म्हणे फाउंड्रीची हत्यारं फाउंड्रीत. आणि सुनेसाठी बघा कसे घाम गाळतायत." पण त्या दर तासाला दारात येत होत्या, हेही खरंच.

एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, बाबांनी सगळ्यांना बोलावलं. कपाट उभं होतं. कुठे फट नाही, कुठे खिळ्याचं डोकं नाही. नवऱ्यानं स्क्रीन दोन्ही हातांत धरली, समोरच्या चौकटीला लावली आणि हळूच आत ढकलली. ती चौकटीत घट्ट बसायची होती. ती बसली नाही. तिरपी झाली, आणि पाण्यात दगड जावा तशी सरळ कपाटाच्या पोटात गेली. सूनबाई मागच्या उघड्या बाजूला उभी होती म्हणून तिनं ती वरच्या वर झेलली.

नवऱ्यानं मग बटणांचा पत्रा लावून बघितला. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट. वरची काच खोबणीत टाकली तर ती खुळखुळली.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून आपली घडीची पोलादी पट्टी काढली, उलगडली आणि चौकट मोजली. "चारशे ऐंशी," ते म्हणाले.

नवऱ्यानं टेप लावली. "बाबा, चारशे पंच्याऐंशी आहे."

बाबांनी पुन्हा पट्टी लावली. वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. त्यांच्या डोळ्यांना चारशे ऐंशीच दिसत होतं, आणि स्क्रीन तर सगळ्यांच्या देखत आत पडली होती. या माणसानं चाळीस वर्षांत हजार नमुने केले होते आणि पट्टी चुकते असं त्यात एकदाही झालं नव्हतं; चुकतो तो माणूस. त्यामुळे आता कोण चुकलं हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी पट्टी खिशात ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटून गेलं.

"बाबा, लाकडाची पट्टी मारू या की आतून," नवरा घाईघाईनं म्हणाला. "रबर लावू. कळणारसुद्धा नाही."

"सोमवारी बोलाव त्यांना," बाबा म्हणाले. "पेटी घेऊन जाऊ देत." मग ते सूनबाईकडे वळले. "दादालाही असंच झालं होतं. आधी आकडे गेले." एवढं बोलून ते बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले, हात मांडीवर उताणे ठेवून. सूनबाईला रडू आलं आणि तिनं ते आवरलंही नाही.

शनिवारी नवरा फोन करून आला. संस्थेची गाडी सोमवारी सकाळी येणार होती. तोवर त्या कपाटावर काही तरी टाकून ठेव, बाबांच्या डोळ्यांसमोर नको, असं त्यानं बायकोला सांगितलं. सूनबाईनं जुन्या पडद्याच्या कापडाचं एक आवरण शिवायचं ठरवलं. आता आवरण काय, कशीही गोधडी टाकली असती तरी चाललं असतं. पण तिचा हात मापाशिवाय चालत नाही. तिनं नवऱ्याची टेप घेतली, वही घेतली आणि कपाटाची मापं उतरवायला बसली. गिऱ्हाइकाच्या मापाशेजारी कापडाचं माप लिहायची तिची पद्धत. त्याच सवयीनं तिनं नकाशावरचा आकडा डावीकडे लिहिला आणि टेपचा उजवीकडे.

उंची: नकाशात सतराशे, टेपवर सतराशे सतरा. तिनं नुसतं पाहिलं. रुंदी: सहाशे चाळीस, आणि टेपवर सहाशे सेहेचाळीसला जरा जास्त. खोली सातशेची सातशे सात. पत्र्याची जागा सहाशेची सहाशे सहा. चौकट ठाऊकच होती.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. थकलेला माणूस चुकतो तेव्हा तो इथे जास्त, तिथे कमी असा चुकतो. तिनं स्वतः तापात शिवलेला एक झगा अजून तिच्या लक्षात होता, एक बाही लांब, दुसरी आखूड. इथे तसं नव्हतं. इथे सगळंच वाढलेलं होतं, आणि जिथे जेवढं माप मोठं तेवढी वाढ मोठी. शंभरावर एक, सातशेवर सात, सतराशेवर सतरा. ही वाढ तिच्या ओळखीची होती. कोऱ्या सुती कापडाचा सदरा बेतताना ती असंच करते. धुतल्यावर कापड आटणार असतं, म्हणून आधीच शेकडा हिशेबानं मोठं कापायचं.

ती उठली आणि तशीच बाहेरच्या खोलीत गेली. वही हातातच होती.

"बाबा, एक विचारू? लोखंड आटतं का हो?"

बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "ओतलेलं थंड होताना आटतंच की. सगळेच धातू आटतात. ओतायचं लोखंड, बीड, शंभराला एक आटतं, म्हणून नमुना तेवढा..."

ते थांबले. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. पट्टी बाहेर काढून त्यांनी ती अशी धरली, जणू कुणी अनोळखी माणसानं ती त्यांच्या हातात दिली होती.

"टेप आण," ते म्हणाले. 

तिनं टेप जमिनीवर पसरली. बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी पट्टी उलगडून टेपला लागून ठेवली, शून्याला शून्य. तीस-चाळीसपर्यंत डोळ्यांना फरक कळत नव्हता. शंभरापाशी कळायला लागला. पट्टीवरच्या सहाशेच्या रेघेसमोर टेपवर सहाशे सहा होतं.

नवरा आणि सासूबाई केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही.

"ही आटीची पट्टी आहे," बाबा म्हणाले. हळूहळू, एकेक शब्द तपासून. "नमुना करणाऱ्यांची. हिच्यावरचा मिलिमीटर मुळातच मोठा असतो. नकाशावर जो आकडा असेल तो हिच्यावर मोजायचा, म्हणजे नमुना आपोआप तेवढा मोठा होतो आणि लोखंड आटून बरोबर मापाला येतं. इथे शिक्का होता, बीड म्हणून. अंगठ्यानं झिजला. बावीस वर्षांचा असताना घेतली मी ही. तेव्हापासून हीच खिशात."

"चाळीस वर्षं खिशात घेऊन फिरलात," सासूबाई म्हणाल्या, "आणि लाकडाचं खोकं लोखंडाच्या मापानं केलंत? आता आटवा त्याला! घाला पाण्यात!"

आणि बाबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती हे सांगणं अवघड होतं. सासूबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि पदरानं त्यांचा चष्मा पुसू लागल्या.

हसू ओसरल्यावर ते एकदम म्हणाले, "पण म्हणजे विसरलोच ना मी? ही कसली पट्टी आहे ते?"

सूनबाई याच प्रश्नाची वाट बघत होती. "बाबा, शिलाईसाठी किती कापड सोडतेस असं मला कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. कापून, मोजून सांगावं लागेल. हात सोडतात. त्याला कुणी विसरणं म्हणत नाही."

बाबांनी पट्टी जमिनीवरून उचलली आणि पुन्हा खिशात ठेवली.

नवरा मात्र तोवर आतल्या खोलीत गेला होता. टेप, नकाशा आणि बायकोची वही घेऊन तो कपाटाभोवती गुडघ्यांवर फिरत होता. आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस तो. वळणं मोजली, तिरकी रेघ मोजली, आतल्या फळ्या मोजल्या, प्रत्येक आकडा शंभराला एकनं वाढवून नकाशाशी ताडून बघितला. अर्ध्या तासानं तो बाहेर आला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा," तो म्हणाला, "अख्ख्या कपाटात कुठेच अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. सतराशेच्या उंचीतसुद्धा नाही. आमच्याकडे मशीननं कापलेल्या वस्तू येतात, त्यांत याच्या चौपट फरक असतो." मग वही मिटत तो म्हणाला, "आणि मी काल रबर लावू या म्हटलं तुम्हाला."

"म्हटलंस खरं," बाबा म्हणाले. "रबर!"

कपाट मोडून पुन्हा बांधायचं की नाही, यावर घरात थोडी चर्चा झाली. सूनबाईनं ती एका वाक्यात संपवली. माझं कपाट आहे, त्याला कुणी करवत लावायची नाही, स्क्रीनसाठी आतून चौकट करा. बाबांनी मान हलवली. रविवारी सकाळी त्यांनी पेटीतून सागाच्या लाकडाचा एक जुना तुकडा काढला. नवऱ्यानं आपली टेप पुढे केली. बाबांनी ती बाजूला ठेवली. खिशातली पट्टीही त्यांनी काढून तिच्याशेजारी ठेवली.

"मग मोजणार कशानं?" नवऱ्यानं विचारलं.

"मोजायचं कशाला? भोक इथे आहे, स्क्रीन इथे आहे."

मोकळी फट होती एकेका बाजूला अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या जाडीची पट्टी सागातून काढायची म्हणजे चेष्टा नाही. रंध्याचा एक हात जास्त फिरला की ती कागदासारखी दुमडते. बाबांनी चार पट्ट्या काढल्या. एकेक चौकटीला लावून बघायची, बोटाच्या टोकानं चाचपायची, रंध्याचा एक हात, पुन्हा लावायची. कोपरे पंचेचाळीस अंशांत पटाशीनं कापले. सूनबाईनं दुकान बंद ठेवलं होतं. ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि तिला त्या हातांकडे बघताना अगदी स्पष्ट वाटलं, की आपण आयुष्यात जे थोडं फार मोठं पाहिलं, त्यात हे आहे.

दुपारी चौकट तयार झाली. स्क्रीन तिच्यात बसली. मग बाबांनी ती सगळी मिळून कपाटाच्या तोंडाला लावली आणि तळहातानं दाबली. ती एकदम आत गेली नाही. सावकाश, अगदी सावकाश सरकत गेली, आणि आत जाताना कडेनं हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज झाला. हवेलाही वाट राहिली नव्हती. टेकली तेव्हा चौकट आणि कपाट यांच्यामध्ये नखसुद्धा शिरत नव्हतं.

बाबांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "मला वाटलं होतं, गेलं सगळं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून असं नाही.

पत्र्यासाठी आणि काचेसाठीही त्याच लाकडाच्या कडा बसल्या. सगळं जुळून यायला संध्याकाळचे पाच वाजले. नवऱ्यानं बटण दाबलं, स्क्रीन उजळली, आणि सूनबाई कठड्यावर हात टेकून उभी राहिली. पहिली दोन यानं तिनं गमावली. बोटं गंजली होती. तिसऱ्याला तिच्या मनगटाला जुनी आठवण आली, आणि मग पंचवीस मिनिटं ती कुणाचं ऐकेना. कपाट हललं नाही, करकरलं नाही. सासूबाईंनाही एकदा खेळायला दिलं. त्या अकराव्या सेकंदाला मेल्या आणि दांडी सदोष आहे असं म्हणाल्या. बाबा खेळले नाहीत. ते मागे उभं राहून ऐकत होते, आतून काही खुळखुळतंय का ते.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गाडी आली. संस्थेचा माणूस जिना चढून वर आला. घामाघूम, हातात एक कागद. "हत्यारांची पेटी न्यायची होती," तो म्हणाला.

नवऱ्यानं तोंड उघडलं आणि वडिलांकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन करायचा राहिला होता, की त्यानं मुद्दाम केला नव्हता, हे सूनबाईला कधीच कळलं नाही. बाबा आतून बाहेर आले. त्यांच्या कोपरांपर्यंत लाकडाचा भुसा होता. सासूबाईंना बसून खेळता यावं म्हणून सकाळपासून एक उंच स्टूल चाललं होतं. दारातल्या माणसाला त्यांनी नीट निरखून बघितलं.

"पेटी द्यायची नाही," ते म्हणाले.

"पण तुम्हीच दिली होती ना? मी एवढ्या लांबून आलो." माणूस वैतागला होता आणि त्याचंही बरोबर होतं. "आता परत जाऊन ऑफिसात काय सांगू मी?"

बाबांनी क्षणभर विचार केला. दोन वर्षांत त्यांची पाठ एवढी ताठ सूनबाईनं पाहिली नव्हती.

"सांगा, मिस्त्री कामावर आहे."

माणसानं त्यांच्या हाताच्या भुशाकडे पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि तो जिना उतरला. बाबा आत गेले. रंध्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. सूनबाईही खाली दुकानात आली, कारण तीन कपडे कापायचे राहिले होते. तिनं कापड पसरलं, खडू उचलला, आणि बराच वेळ तिला रेघ नीट दिसेना.